चौथा कोपरा

त्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला लटकवलेलं पितळी वजन, ज्यानं भिंत सरळ आहे की कललेली ते कळतं, तो कायम खिशात बाळगायचा. त्यावरून पडलेलं नाव. चव्वेचाळीस वर्षं त्यानं फरश्या बसवल्या. गुडघे कामातून गेले तेव्हा जमिनीवरचं काम सोडलं आणि भिंतींच्या टाइल्सकडे वळला. "आता उभ्यानं होईल तेवढंच," असं हसत सांगायचा. खुर्चीतून उठताना मात्र टेबलाची कड धरायचा.

धंद्यात त्याचं नाव एका गोष्टीसाठी होतं. तिशीत असताना एका बँकेच्या दालनात तो अष्टकोनी नक्षी घालत होता. नकाशा मोठ्या शहरातल्या वास्तुविशारदाचा, निळ्या शाईत, सहीशिक्क्यानिशी. तिसऱ्या दिवशी त्यानं काम थांबवलं. म्हणाला, ही नक्षी त्या टोकाला पोचेल तेव्हा अर्ध्या फरशीनं चुकलेली असेल. मुकादमानं आधी समजावलं, मग शिव्या घातल्या. शेवटी वास्तुविशारद स्वतः गाडी करून आला, स्वतः गुडघ्यांवर बसून मापं घेतली आणि एक अक्षर न बोलता नकाशा बदलून दिला. तेव्हापासून गावातले गवंडी म्हणायचे, कागद चुकेल, ओळंबा चुकायचा नाही. घरात तर ही गोष्ट इतकी उगाळून झाली होती की बायको अधूनमधून विचारायची, "आज बँक नाही का सांगायची?"

त्याची मुलगी सरकारी दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत बसे. नव्या रोग्याची नोंद करायची, कागदपत्रं बघायची आणि त्याला योग्य खोलीत धाडायचं, हे तिचं काम. प्रत्यक्षात तिचा दिवस एका प्रश्नात जायचा: डॉक्टर आले का? त्याच्या मागोमाग, कुठले डॉक्टर कुठल्या खोलीत? आणि मग, रक्ताचा रिपोर्ट कधी मिळेल? नुसतं विचारायला आलेला माणूस आणि ताप अंगावर घेऊन नोंदणीला आलेला माणूस एकाच रांगेत उभे असत. एकदा एक बाई रांगेतच चक्कर येऊन पडली. तिच्या पुढे सातजण होते आणि त्यातल्या पाचजणांना फक्त विचारायचं होतं.

त्यानंतर मुलीनं स्वतःहून एक उद्योग केला. दवाखान्याचं इंटरनेटवर एक साधं पान तयार केलं: आज कोणते डॉक्टर आहेत, कोणत्या खोलीत, कोण रजेवर, रिपोर्ट कधी. रोज सकाळी पावणेआठला ती ते पान बदलायची. त्या पानाच्या छोट्याशा पत्त्याचा क्यूआर कोड केला, छापला आणि दाराशी चिकटवला. फोन समोर धरला की पान उघडे. रांग दोन दिवसांत निम्मी झाली.

तिसऱ्या दिवशी कोड फाटला. वाट बघत बसलेल्या माणसाच्या नखांना काहीतरी काम लागतं आणि कागदाचा कोपरा त्यांना फार आवडतो. तिनं प्लॅस्टिकमध्ये घालून लावला, तर कोणीतरी त्यावर भाड्याच्या खोल्यांची जाहिरात चिकटवली. काचेत लावला, काच फुटली. एके दिवशी कोणाच्या तरी पोरानं कोडातल्या सगळ्या पांढऱ्या चौकटी पेननं भरून काढल्या, अगदी मन लावून.

"फाडता येणार नाही, खरडता येणार नाही असं काही हवं," ती जेवताना म्हणाली.

"टाइल," ओळंबा म्हणाला. घास खाली ठेवायचीही त्याला गरज वाटली नाही.

दवाखान्याच्या प्रमुखांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्यांना कल्पना पटली. स्टोअर सांभाळणाऱ्या साहेबांना पटली नाही. "घरचा माणूस आणला की घरचे घोळही येतात," ते म्हणाले, मुलगी समोर उभी असतानाच. "उद्या भिंत खराब झाली तर कोणाला धरायचं?"

"मला धरा," मुलगी म्हणाली. "कोडही माझा, माणूसही माझा. लिहून देते."

तिनं खरंच लिहून दिलं. सोमवारी सकाळी नऊ वाजता कोड सुरू झाला नाही, तर जबाबदारी माझी. भिंत होती तशी करून देईन आणि पुढे हा विषय काढणार नाही. मोठ्या मॅडमनी कागद फाइलीत लावला. शेवटचं वाक्य तिनं रागाच्या भरात लिहिलं होतं, पण फाइलीत राग दिसत नाही, फक्त वाक्य दिसतं.

बुधवारी ओळंब्यानं काम सुरू केलं. मुलीनं कोड मोठा करून छापून दिला होता: आडव्या पंचवीस चौकटी, उभ्या पंचवीस. दोन-दोन इंचांच्या काळ्या-पांढऱ्या टाइल्स, सव्वासहाशे. त्यानं आधी भिंत ठोकून पाहिली, पोकळ लागला तेवढा गिलावा काढला, ओळंबा सोडला, पाणसळ लावून आडवी पातळी पाहिली. मग कागदावर पेन्सिलीनं ओळींचे आकडे घातले आणि वरून खाली बसवत निघाला. टाइलला टाइल चिकटू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचे बारीक क्रॉस. रोगी बाकावर बसून बघत. "काका, हे काय कोडं आहे का?" असं एकानं विचारलं, तर ओळंबा म्हणाला, "हो, आणि उत्तर फोनला माहीत आहे. आपल्याला नाही."

शुक्रवारी दुपारी तो खालच्या ओळींशी आला आणि थांबला.

वरच्या डाव्या कोपऱ्यात एक मोठा चौकोनी डोळा होता: काळी चौकट, आत पांढरी, आत काळा ठोकळा. वरच्या उजव्या कोपऱ्यात तसाच. खालच्या डाव्या कोपऱ्यात तसाच. खालच्या उजव्या कोपऱ्यात काहीच नव्हतं, नुसत्या विस्कटलेल्या काळ्या-पांढऱ्या. आणि त्या कोपऱ्यापासून जरा आत, वरच्या बाजूला सरकलेला, एक लहानसा डोळा होता. धड कोपऱ्यात नाही, धड मापाचा नाही.

ओळंबा कागद लांब धरून बघत राहिला. चव्वेचाळीस वर्षांत त्यानं तीन कोपरे भरून चौथा मोकळा ठेवलेली एकही नक्षी पाहिली नव्हती. हे काय झालं ते त्याला स्वच्छ दिसत होतं. छापताना चौथा डोळा आक्रसला होता आणि जागेवरून घसरला होता. पोरीच्या लक्षात आलं नव्हतं. येणार तरी कसं, दिवसभर शंभर माणसं तिचं डोकं खातात.

बँकेत त्यानं काम थांबवून वर कळवलं होतं. इथेही तेच करता आलं असतं. मुलगी पंधरा पावलांवर खिडकीत होती. पण खिडकीशेजारी स्टोअरवाले साहेब उभे होते, हातात चहाचा कप घेऊन, आणि त्यांच्यासमोर जाऊन 'तुझा कागद चुकलाय' म्हणणं म्हणजे त्यांच्या हातात आयतं कोलीत देणं. त्यानं विचार केला तो एवढाच. मग पेन्सिल काढली, कागदावर लहान डोळा खोडला, कोपऱ्यात बाकीच्या तिघांसारखा मोठा डोळा आखला आणि तसाच भिंतीवर बसवला. संध्याकाळपर्यंत चारही कोपरे एकसारखे झाले. दहा पावलं मागे जाऊन त्यानं बघितलं आणि त्याला बरं वाटलं.

शनिवारी सकाळी त्यानं सांधे भरले, ओल्या फडक्यानं टाइल्स पुसल्या. दुपारी दवाखाना बंद झाल्यावर मुलगी फोन घेऊन भिंतीसमोर आली. रखवालदारही आला; त्याला कोणतीही नवी गोष्ट पहिल्यांदा बघायची हौस होती.

फोन काही बोलेना.

ती मागे गेली, पुढे आली, बाजूला सरकली. "चकाकी येत असेल," ती म्हणाली. रखवालदारानं ट्यूबलाइट बंद केली. काही नाही. त्यानं आपला फोन लावून बघितला, तोही गप्प. "काका, भिंत रुसली," तो म्हणाला.

"सांध्यांमुळे असेल का? मधल्या रेघांमुळे?" मुलगी स्वतःशीच बोलत होती. तिची नजर सगळा वेळ फोनच्या पडद्यावर होती. भिंतीकडे तिनं बघितलं नाही असं नाही, पण भिंत बापानं लावलेली होती, आणि बापाची फरशी तपासायची सवय त्या घरात कोणालाच नव्हती.

ओळंबा फडकं पिळत होता. त्याला मुलीची कीव आली. एका ठिकाणी चूक सापडली म्हणजे आणखीही असणार, हे त्याला आधीच कळायला हवं होतं. एक कोपरा आपण सावरला, पण मुळात कागदच धड नव्हता.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलगी फोन, कागद, पेन मांडून बसली. आई समोर भाजी निवडत होती. ओळंबा खिडकीशी खुर्चीत होता.

"कोड माझाच चुकला असणार," मुलगी म्हणाली. "मॅडमना आजच कळवते. सोमवारी सगळ्यांसमोर फजिती नको."

"बाबांना विचार की," आई म्हणाली.

"बाबांनी दिलेलं बसवलं. त्यात त्यांचा काय दोष?" ती निरोप लिहायला लागली. लिहिता लिहिता थांबली, दुसरं काही शोधलं, वाचत राहिली. "हे बघ, आई. मी आजवर इतके कोड केले, पण हे डोळे कशाला असतात ते आज कळतंय. फोनला कोड उलटा धरला, आडवा धरला, तरी कळायला हवं ना वरची बाजू कुठली? म्हणून हे तीन मोठे डोळे."

आईनं मान वाकडी करून फोनच्या पडद्यावरचं चित्र बघितलं. "मग चौथा कुठाय?"

"चौथा नसतोच."

"का गं? त्या कोपऱ्यानं काय घोडं मारलंय?"

"अगं, चारही सारखे असले तर उलटंसुलटं कळणार कसं? तीन असले म्हणजे जिथे नाही ती खालची उजवी बाजू. आणि हा जो लहान डोळा आहे ना जरा आत, तो भिंत वाकडी असेल, फोन तिरका असेल, तर चौकटींची जागा नीट धरायला. हे सगळं मुद्दाम केलेलं असतं." ती परत निरोपाकडे वळली. "माझ्याकडून कोड तयार करताना चूक झाली असून," ती मोठ्यानं वाचत होती, "त्याची पूर्ण जबाबदारी—"

ओळंब्याच्या खिशात पितळी वजन होतं आणि त्याचा हात त्यावर होता. गप्प बसणं सोपं होतं. भिंत उद्या फोडली गेली असती, टाइल्स पोत्यात गेल्या असत्या, आणि कागद चुकतो, ओळंबा चुकत नाही, हे पुढेही खरंच राहिलं असतं. मुलीनं हा विषय पुन्हा काढायचा नाही असं लिहून दिलेलंच होतं. ती काढणारही नव्हती. त्याच्यावर गेली होती.

"तो निरोप धाडू नको," तो म्हणाला.

"का?"

"चौथा आहे. भिंतीवर. मी घातला."

मुलीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं फोन पालथा ठेवला.

"कागदावर नव्हता."

"नव्हता. मला वाटलं छापताना राहिला. लहानगा दिसला तो घसरलेला वाटला. तो काढला."

"आणि मला विचारलं नाहीत."

"तो स्टोअरवाला उभा होता तिथे. म्हटलं, तुझी चूक त्याच्यासमोर कशाला."

"माझी चूक नव्हती, बाबा!"

"ते आता कळलं ना."

"तुम्ही ना," ती उठली, दोन पावलं गेली आणि परत आली, "शाळेत माझ्या पुठ्ठ्याच्या घराच्या भिंती तुम्ही मी झोपल्यावर सरळ केल्या होत्यात. मला बक्षीस मिळालं. बाईंनी वर्गात विचारलं, कोन कसा मापलास? मी ढिम्म उभी. वाकडं होतं, पण ते माझं होतं. तेव्हाही विचारलं नाहीत."

"नऊ वर्षांची होतीस तू."

"आता चौतीसची आहे."

आईनं भाजीची ताटली बाजूला सरकवली. "भांडण सावकाश करा," ती म्हणाली. "आधी सांगा, ते निघतं का?"

ओळंब्यानं डोळे मिटून हिशोब केला. लहान डोळ्याची जागा आणि मोठ्या डोळ्याची जागा धरून नऊ बाय नऊचा तुकडा. एक्याऐंशी. चुकलेल्या तेवढ्याच काढाव्या तर एकेक उपसताना शेजारची दुखावते. त्यापेक्षा सगळा तुकडा काढलेला बरा. सिमेंट अजून पुरतं धरलं नसेल.

"निघतं," तो म्हणाला. "उद्याचा दिवस लागेल. पण कागद मी खोडून ठेवलाय. मला तुझा नवा कागद लागेल." खुर्चीतून उठत तो म्हणाला, "आणि वाचून दाखवायला तू."

रविवारी रखवालदारानं दार उघडून दिलं आणि बाकावर ठाण मांडलं. ओळंब्यानं आधी तुकड्याच्या कडेचे सांधे पात्यानं खरवडून मोकळे केले, म्हणजे हादरा शेजारी जाऊ नये. मग मधली एक टाइल फोडली, तिच्या जागेतून छिन्नी आडवी घातली आणि बाकीच्या एकेक करून उचकटत गेला. सांभाळून केलं तरी चौदा फुटल्या. अकरा वाजता भिंतीच्या खालच्या उजव्या बाजूला चौकोनी खड्डा झाला होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. गुडघे टेकणं भाग होतं. मुलीनं बाकावरची गादी आणून खाली घातली. तो तिच्यावर टेकला.

त्यानं लवकर धरणारं सिमेंट लावलं. मुलगी कागद घेऊन शेजारी स्टुलावर बसली.

"पहिली ओळ. काळी. काळी. काळी. काळी. काळी. पांढरी. काळी. पांढरी. पांढरी."

तो बसवत गेला. नक्षीचं पुढे काय होणार ते आधी दिसल्याशिवाय त्यानं आयुष्यात टाइल उचलली नव्हती. इथे काहीच दिसत नव्हतं. कोणी म्हणेल ती उचलायची आणि लावायची. चौथ्या ओळीत तो थांबला.

"एवढ्या पांढऱ्या सलग?"

"सलग."

"नक्की?"

"बाबा."

"बरं, बरं. पांढरी."

सहाव्या ओळीनंतर रखवालदाराला राहवेना. त्यानं लांबूनच फोन उगारला, आणि फोन टिंग करून वाजला. "अहो, उघडलं!" तो ओरडला. "आज रविवार, दवाखाना बंद, असं लिहिलंय!"

"ते तर तुला माहीतच आहे," मुलगी म्हणाली, पण तिनंही आपला फोन धरला. तिलाही पान उघडलं.

ओळंब्याला पटेना. "तीन ओळी बाकी आहेत अजून. अर्धवट कसं वाचेल?"

"थोडं कमीजास्त चालतं त्याला. काही चौकटी फुटल्या, झाकल्या गेल्या तरी उरलेल्यांवरून तो जुळवून घेतो."

"किती चुकलं तर चालतं?"

"ते कोड करताना आपणच ठरवायचं असतं. मी मधलं धरलं होतं."

तो थापी हातात धरून विचार करत राहिला. त्याच्या धंद्यात असं काही नव्हतं. एक फरशी चुकली की ती चूक भिंतीपर्यंत चालत जायची. इथे चूक होणार हे धरूनच मांडणी केली होती, तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती. त्यानं फक्त राखलेल्या जागेपेक्षा जास्त सुधारलं होतं.

"वाच पुढे," तो म्हणाला. "सातवी."

दुपारी चारला तुकडा पुरा झाला, सहाला सांधे भरून झाले. नवा भरणा जुन्यापेक्षा उजळ दिसत होता. जाणत्या माणसाला नऊ बाय नऊचा चौकोन लांबूनही ओळखू आला असता. सगळे सांधे खरवडून पुन्हा एकसारखे करता आले असते. मुलीनं विचारलंही. तो म्हणाला, "मला उद्या उठता आलं पाहिजे."

सोमवारी नऊला मोठ्या मॅडम आल्या, त्यांनी फोन धरला, पान उघडलं. मागे पाच-सहा रोग्यांनी आपापले फोन काढले. स्टोअरवाले साहेब वाकून टाइल्सकडे बघत होते. "चांगलं झालंय," त्यांना म्हणावं लागलं. "खाली जरा डाग वाटतो, पण चांगलं झालंय."

मुलगी खिडकीत होती. सगळं पार पडलं होतं. आता कोणी काही बोललं नसतं तरी चाललं असतं.

"डाग नाही तो," ओळंबा म्हणाला. "तेवढं मी चुकीचं लावलं होतं. कागदावर नसलेलं माझ्या मनानं घातलं, त्यामुळे शनिवारी कोड चालला नाही. काल काढून नीट केलं. मॅडम, तुमच्या फाइलीत हिच्या नावाचा कागद आहे, म्हणून सांगतो. साहेब म्हणाले होते घरचे घोळ येतील. घोळ घरचाच होता, पण हिचा नव्हता."

मोठ्या मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "आता चालतंय ना?"

"चालतंय."

"मग तो कागद मी काढून टाकते," त्या म्हणाल्या आणि आपल्या खोलीकडे गेल्या. साहेब स्टोअरकडे गेले.

ओळंबा खिडकीशी आला. मुलगी संगणकात काहीतरी टाइप करत होती, वर न बघता म्हणाली, "हे सगळ्यांसमोर सांगायचं का, ते मला विचारलंत?"

त्यानं खिडकीची कड धरली.

"नाही विचारलं," तो म्हणाला.

"मला नको होतं तसं. लोक आता वर्षभर तुम्हालाच चिडवतील."

"चिडवू देत."

तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण रांगेतला पुढचा माणूस खिडकीत वाकला होता. हातात फोन होता, पान उघडलेलं.

"ताई, भिंत म्हणते कानाचे डॉक्टर रजेवर आहेत. खरं का?"

"खरं आहे."

"मग ठीक," म्हणून तो माणूस निघून गेला. त्याच्या मागे एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन उभी होती. मुलीनं नव्या नोंदीचा फॉर्म पुढे ओढला आणि मुलाचं वय विचारलं. ओळंबा बाजूला झाला, म्हणजे बाईला खिडकीशी नीट उभं राहता यावं.